हिमा: गवत कोणासाठी राखायचं?

दोन वर्षांपूर्वी बकरी ईदच्या आधी अब्बांबरोबर तालुक्याच्या आठवडी बाजारात बोकड बघायला गेलो होतो. अब्बांची जुनी पद्धत. आधी दात बघायचे, मग पाठीवरून हात फिरवायचा, आणि भाव सगळ्यात शेवटी विचारायचा. ज्या धनगराकडून आम्ही वर्षानुवर्षं जनावर घेतो तो हसून म्हणाला, "चाचा, दात काय बघताय, पोतं बघा. आता जनावर गवतावर नाही, पोत्यावर वाढतंय." मग त्याने आपल्या वाटेवरची गायरानं बोटांवर मोजून दाखवली. एकावर तारेचं कुंपण आलं, एकावर घरं झाली, एकावर गावातल्याच एका पुढाऱ्याचा ऊस उभा आहे. वाडा घेऊन तो पूर्वी ज्या रस्त्याने उतरायचा, त्या रस्त्यावर मेंढरांनी तोंड घालावं अशी जागाच उरली नव्हती.

योगायोगाने तेव्हा मी 'हिमा' या विषयावर वाचत होतो. हिमा म्हणजे अरबस्तानातली राखीव कुरणाची पद्धत. इस्लामच्या आधीपासून चालत आलेली, पैगंबरांनी बदललेली, खलिफांच्या राजकारणात वादाचं कारण झालेली आणि विसाव्या शतकात कुरणांवर संशोधन करणाऱ्या लोकांनी पुन्हा शोधून काढलेली. धनगराच्या पोत्याचा या गोष्टीशी इतका जवळचा संबंध निघेल असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

शब्द मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. 'ह-म-य' या अरबी धातूचा अर्थ राखणं, संरक्षण करणं. त्यातूनच 'हिमायत' आला, आणि तो फारसीतून मराठीतही आला. एखाद्याची हिमायत करणारा तो हिमायती. औरंगाबादच्या हिमायत बागेत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पेरू खाल्ले असतील. हिमा म्हणजे अशीच राखलेली जमीन, फक्त इथे राखायचं ते गवत. (जाता जाता: आपल्या दख्खनच्या माळावर 'सेहिमा' नावाच्या वंशाचं गवत उगवतं, पवन्या त्यातलाच. हे शास्त्रीय नावही अरबी बोलीतून आलं आहे. लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकोल याने येमेनमध्ये ते टिपलं. तो १७६३ मध्ये तिथेच वारला. त्याचा सहप्रवासी कार्स्टेन नीबूर तेवढा जगला, मुंबईला पोचला, आणि फोर्सकोलच्या वनस्पतींचं पुस्तक त्याने १७७५ मध्ये छापून घेतलं. सेहिमा आणि हिमा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण भारतातल्या गवताळ प्रदेशांची विभागणी करताना दबडघाव आणि शंकरनारायण यांनी दख्खनच्या पट्ट्याला 'सेहिमा-डायकँथियम' हे नाव दिलं, त्यातला अर्धा शब्द येमेनच्या डोंगरातला आहे हे मला फार गमतीचं वाटतं. उरलेला अर्धा म्हणजे आपल्या मारवेलचा वंश.)

कुत्र्याचं भुंकणं ऐकू येईल तिथपर्यंत

इस्लामपूर्व अरबस्तानात हिमा हा बळवंताचा हक्क होता. इमाम शाफई (मृत्यू इ.स. ८२०) यांनी त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. टोळीचा मातब्बर सरदार हिरवळीच्या जागी आला की कुत्र्याला उंचवट्यावर नेऊन भुंकायला लावी. आवाज जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंतचं गवत त्याचं. त्या हद्दीत दुसऱ्या कुणाचं जनावर येता कामा नये. हद्दीबाहेर मात्र त्याची जनावरं इतरांच्या बरोबरीने चरणार. म्हणजे स्वतःचं ते स्वतःचंच, आणि सगळ्यांचं त्यातही वाटा.

अरबांच्या जुन्या कथांमध्ये तघलिब टोळीचा सरदार कुलैब याच्या नावावर अशीच एक हिमा आहे. बसूस नावाच्या बाईच्या आश्रयाला आलेल्या माणसाची सांडणी त्या कुरणात शिरली. कुलैबने तिच्या कासेत बाण मारला. बसूसचा भाचा जस्सास याने कुलैबला ठार केलं, आणि बक्र व तघलिब या भाऊबंद टोळ्यांत युद्ध पेटलं. ते ४० वर्षं चाललं असं परंपरा सांगते. चाळिसाचा आकडा शब्दशः घ्यायचं कारण नाही. पण एका उंटिणीच्या चरण्यावरून पिढ्या संपल्या, ही आठवण त्या समाजाने जपून ठेवली यातच सगळं आलं. जिथे वर्षाला जेमतेम शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे गवतावरचा हक्क हा जगण्यावरचा हक्क असतो.

पैगंबर आणि उमर

पैगंबर मुहंमद (स.) यांनी ही सरदारी हिमा बंद केली. बुखारींच्या संग्रहातल्या हदीसचा आशय असा, की हिमा ही अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताखेरीज कुणाची असू शकत नाही. धार्मिक भाषा बाजूला ठेवून बिगरमुस्लिम वाचकांसाठी सांगायचं तर, कुरण राखायचं असेल तर ते सार्वजनिक कामासाठी राखावं, कुणा एकाच्या कळपासाठी नाही. पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळ्यांची भागीदारी असते, हे सांगणारी दुसरी हदीस प्रसिद्धच आहे. त्यांनी स्वतः मदीनेजवळ नकी नावाची जागा मुस्लिमांच्या घोड्यांसाठी राखली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. चारा सगळ्यांचा आणि हिमा राखायची, या दोन वाक्यांत उघड ताण आहे. सगळ्यांचं असेल तर अडवायचं कसं? आणि नाही अडवलं तर टिकायचं कसं? नंतरच्या चौदाशे वर्षांतला सगळा वाद याच दोन टोकांमध्ये फिरत राहिला आहे.

दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात राज्य वाढलं. जकातीत आलेले उंट वाढले, लष्कराची जनावरं वाढली. त्यांनी शरफ आणि रबझा या दोन जागा हिमा म्हणून घोषित केल्या. रबझा मदीनेपासून साधारण २०० किलोमीटरवर. या कुरणावर त्यांनी हुनै नावाचा आपला मुक्त केलेला गुलाम राखणदार म्हणून नेमला आणि त्याला ज्या सूचना दिल्या त्या बुखारी आणि इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या दोन्ही ठिकाणी नोंदलेल्या आहेत. माझ्या मते कुरणाच्या व्यवस्थापनावरचा हा जगातल्या सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवजांपैकी एक आहे.

आशय असा. लोकांशी नरमाईने वाग आणि पीडितांच्या बद्दुआला घाब. ज्याच्याकडे थोडेसेच उंट आहेत, थोड्याच मेंढ्या आहेत, त्याला आत येऊ दे. पण इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांची जनावरं आत घेऊ नकोस. त्यांची जनावरं मेली तर त्यांना परत जायला खजुराच्या बागा आहेत, शेती आहे. या गरिबाची जनावरं मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारात येऊन उभा राहील. मी त्याला हाकलून देणार आहे का? मग त्याला सोनं-चांदी द्यावी लागेल, त्यापेक्षा पाणी आणि गवत देणं मला स्वस्त आहे.

यात दयाबुद्धी आहे, पण निव्वळ दया नाही. हिशोब आहे. दुष्काळात गरिबाचा कळप वाचवणं हे नंतर खजिन्यातून मदत वाटण्यापेक्षा कमी खर्चाचं, हे सातव्या शतकातला राज्यकर्ता सांगतो आहे. हिजरी १८ साली (इ.स. ६३९) अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला होता. त्या वर्षाला 'राखेचं वर्ष' असंच नाव पडलं. दुष्काळ म्हणजे काय हे उमरना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच सूचनेचा शेवटचा भाग मात्र आपल्या वाजांमध्ये, तकरिरींमध्ये सहसा सांगितला जात नाही. उमर पुढे कबूल करतात की, त्या भागातल्या लोकांना मी त्यांच्यावर अन्याय केला असं वाटतं. जमीन त्यांचीच आहे. इस्लामपूर्व काळात ते तिच्यासाठी लढले, आणि तिच्यावर राहूनच ते मुसलमान झाले. सार्वजनिक कामाची जनावरं नसती, तर मी त्यांच्या भूमीतली वीतभर जागाही राखली नसती. म्हणजे हिमा घोषित करताना कुणाची तरी जमीन जाते, आणि ज्याची जाते त्याची तक्रार खोटी नसते, हे खुद्द घोषित करणाऱ्यालाच माहीत होतं.

आता इतिहासाचा खेळ बघा. ज्या दोन श्रीमंतांची नावं उमरनी घेतली, त्यातले इब्न औफ म्हणजे अब्दुर्रहमान बिन औफ, मदीनेतले मोठे व्यापारी. आणि इब्न अफ्फान म्हणजे हजरत उस्मान, पुढचे खलिफा. उस्मान यांच्याविरुद्ध जो असंतोष वाढला आणि ज्याचा शेवट इ.स. ६५६ मध्ये त्यांच्या हत्येत झाला, त्यातल्या आरोपांच्या यादीत एक आरोप हिमा वाढवल्याचा होता. त्यांचं उत्तरही इतिहासकारांनी नोंदवलं आहे: हिमा माझ्या आधीही होती, जकातीचे उंट वाढले म्हणून मी ती वाढवली. उत्तर तर्कशुद्ध आहे. पण ज्यांना आत घेऊ नका असं एकदा सांगितलं गेलं होतं त्यांच्याच हातात आता फाटकाची किल्ली होती, आणि लोकांना ते दिसत होतं.

आणि रबझा? संपत्ती साठवणाऱ्यांवर उघड टीका करणारे हजरत अबू झर यांनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथेच काढली आणि तिथेच ते वारले. ते स्वतःहून गेले की त्यांना पाठवलं गेलं यावर शिया आणि सुन्नी परंपरांचं एकमत नाही. या वादात मी पडत नाही. पुढे हे गाव कूफा ते मक्का या हजच्या वाटेवरचं, 'दर्ब जुबैदा'वरचं मोठं ठाणं झालं आणि दहाव्या शतकात उजाड झालं. १९७९ पासून रियाधच्या विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं, तेव्हा घरं, मशिदी आणि पाण्याचे मोठाले हौद सापडले.

फकिहांचं कलम

मधल्या शतकांवरून मी झरझर जातो. फकिहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, या विषयावर पुष्कळ लिहिलं आहे. पैगंबरांनंतर दुसऱ्या कुणाला हिमा घोषित करता येते का, यावर खुद्द शाफईंचीच दोन मतं नोंदलेली आहेत. अल-मावर्दी (मृत्यू इ.स. १०५८) यांनी राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात हिमासाठी स्वतंत्र प्रकरण दिलं. त्यातल्या दोन तरतुदी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. एक, हिमा सगळ्यांसाठी असेल तर श्रीमंत-गरीब सारखेच, आणि ती फक्त गरिबांसाठी राखली तरी चालते. पण गरिबांना वगळून फक्त श्रीमंतांसाठी राखता येत नाही. दोन, अशा कुरणात जनावर चारण्याबद्दल कुणाही अधिकाऱ्याने पैसे घेणं जायज नाही. आपल्याकडे मराठेशाहीत 'वनचराई' हा कर होता आणि इंग्रजांच्या जंगल खात्याने चराईची फी बसवली. त्या तुलनेत दुसरी तरतूद वाचून बघावी. अर्थात पुस्तकात नियम असणं वेगळं आणि तो पाळला जाणं वेगळं. अब्बासी काळातल्या सगळ्या अधिकाऱ्यांनी मावर्दींचं ऐकलं असेल, असं मी म्हणणार नाही.

मोठमोठी राज्यं आली आणि गेली. नैर्ऋत्य अरबस्तानातल्या डोंगरांमध्ये, ताइफपासून खाली येमेनकडे जाणाऱ्या पट्ट्यात, हिमा गावोगाव टिकून राहिली. तिथे खलिफा नव्हता. गाव आणि टोळी हेच सरकार.

उमर द्राज यांनी काय पाहिलं

१९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे कुरणतज्ज्ञ उमर द्राज सौदी अरेबियात काम करत होते. (पुन्हा एक उमर, पण हा योगायोगच.) त्या काळच्या कुरणशास्त्राची घडण अमेरिकेच्या पश्चिम भागात झालेली होती. कुंपण घाला, हेक्टरी किती जनावरं हे ठरवा, तुकडे पाडून आलटून पालटून चारा. हे शास्त्र घेऊन माणसं अरबस्तानात येत, उजाड माळ बघत आणि दोष बदूंच्या अडाणीपणाला देत.

द्राज यांनी डोंगरातल्या गावांच्या हिमा पाहिल्या. आतलं आणि बाहेरचं यातला फरक सांगायला वेगळा प्रयोग लागत नव्हता. हद्दीच्या आत बहुवर्षायू गवत, बाहेर दगड आणि जनावर तोंड लावत नाही अशी काटेरी खुरटी झुडपं. माती तीच, पाऊस तोच. म्हणजे शेकडो वर्षं चाललेला एक प्रयोग तयारच होता, फक्त तो कुणा विद्यापीठाने मांडलेला नव्हता. त्यांनी १९६९ मध्ये याबद्दलचा अहवाल लिहिला. सौदी अरेबियात तेव्हा अशा सुमारे ३,००० हिमा असाव्यात असा त्यांचा अंदाज पुढे वारंवार उद्धृत केला गेला.

द्राज यांनी त्यांचे पाच प्रकार सांगितले. काही हिमांमध्ये जनावर सोडायला कायमची बंदी, पण दुष्काळात ठरलेल्या घरांनी ठरलेल्या दिवशी गवत कापून न्यायचं. काहींत चराई आणि कापणी दोन्ही चालत, पण हंगाम ठरलेला. काहींत वर्षभर चराई, पण कोणती जनावरं आणि किती यावर मर्यादा. चौथा प्रकार मधमाश्यांचा: फुलोरा सरेपर्यंत जनावराला प्रवेश नाही, कारण मध गेला तर गावाचं रोख उत्पन्न गेलं. पाचवा झाडांचा, जुनिपर किंवा बाभळीच्या जातीच्या वृक्षांसाठी. लाकूड हवं तर ते मशिदीच्या छतासाठी, किंवा कुणाचं घर जळालं तर त्याच्यासाठी, आणि तेही गावाने ठरवल्यावर.

हे वाचताना मला आपल्या कोकणातल्या आणि मावळातल्या देवराया आठवल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ देवरायांची नोंद करत होते तो काळही साधारण हाच, १९७० चं दशक. पुढे गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी गवळी धनगरांच्या चराईवर काम केलं. पण देवराई आणि हिमा एक नव्हेत. देवराईला देवाचा धाक असतो. हिमाला गावाचा. घुसखोराचं जनावर पकडून कापलं जाई किंवा दंड घेतला जाई. आपल्या कोंडवाड्यापेक्षा जरा कडक, इतकंच.

सगळ्यांना खुलं

दुर्दैव असं की द्राज यांनी हिमांचा अभ्यास केला तेव्हा त्या मोडायला सुरुवात झालेली होती. १९५३ मध्ये सौदी राजवटीने हुकूम काढून टोळ्यांचे कुरणांवरचे खास हक्क रद्द केले. चराईची जमीन सगळ्यांना खुली. हेतू सरळ वाईट होता असं मी म्हणणार नाही. टोळ्यांमधली भांडणं संपवायची होती, आणि एका टोळीने दुसरीच्या तहानलेल्या जनावराला हाकलू नये हा विचारही त्यात होता. चारा सगळ्यांचा या तत्त्वाचाच आधार घेतला गेला.

पण सगळ्यांना खुलं म्हणजे नेमकं कुणाला खुलं? ज्याच्याकडे ट्रक आहे त्याला. दुसऱ्या महायुद्धानंतर वाळवंटात ट्रक आले. पूर्वी पाणी जिथे, तिथेच कळप. पाणी आटलं की माणूस आपोआप निघून जाई आणि गवताला उसंत मिळे. आता पाण्याची टाकी ट्रकवर घालून कळपाच्या मागे नेता येऊ लागली. पाऊस कुठे पडला हे कळलं की शेकडो मेंढ्या ट्रकमध्ये भरून दुसऱ्या दिवशी तिथे हजर. गवताला दाणा धरायचीही सवड नाही. शहरातला पैसेवाला नोकर ठेवून कळप पाळू लागला. गवत संपलं तेव्हा सरकारने आयात केलेल्या जवावर अनुदान दिलं, आणि सौदी अरेबिया जगातला सगळ्यात मोठा जव आयात करणारा देश झाला. जनावरं कमी झाली नाहीत, वाढली. आमचा धनगर म्हणाला तेच: गवतावर नाही, पोत्यावर.

हुनैला दिलेल्या आदेशाच्या नेमकं उलट झालं होतं. इब्न औफची जनावरं आत आणि थोड्या मेंढ्यावाला बाहेर. आणि हे समतेच्या नावाखाली.

सीरियाचा प्रयोग

द्राज पुढे सीरियात गेले. सीरियाचा निम्म्याहून जास्त भाग म्हणजे 'बादिया', वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा गवताळ प्रदेश. अवासी जातीच्या जाड शेपटीच्या मेंढ्या हे तिथलं धन. १९५८ ते ६१ च्या दुष्काळात यातल्या जवळपास निम्म्या मेंढ्या गेल्या असं सांगतात. त्याच १९५८ साली टोळ्यांच्या पारंपरिक हक्कांना मान्यता देणारा कायदा रद्द झाला आणि बादिया सरकारची झाली. म्हणजे दुष्काळ आणि बेवारसपण एकदमच आलं.

द्राज यांनी सुचवलेला उपाय साधा होता. हिमाची कल्पना सहकारी संस्थेच्या चौकटीत बसवायची. प्रत्येक संस्थेला ठरावीक जमीन द्यायची, आणि ती शक्यतो त्या लोकांच्या जुन्या वहिवाटीशी जुळणारी. सभासदाने किती मेंढ्या आणायच्या ते परवान्यावर. दुष्काळासाठी खाद्याची गोदामं आणि कर्जनिधी, म्हणजे पाऊस हुकला तर माणूस गवत ओरबाडत बसणार नाही. माळावरची कोकरं पुष्ट करायला हमा-हलबकडच्या बागायती भागातल्या वेगळ्या संस्थांकडे द्यायची. सुरुवातीच्या खाद्याला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाची मदत मिळाली. हमाजवळ वादी अल-अझीब इथे संशोधन केंद्र होतं. राखलेल्या तुकड्यात गवत किती वेगाने परत येतं हे पशुपालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं यावर तिथे भर होता. पहिल्या संस्था १९६८ च्या सुमारास उभ्या राहिल्या. १९७८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली आंतरराष्ट्रीय कुरण परिषद भरली, तिथे द्राज यांनी या प्रयोगाचा अहवाल वाचला. कुरणांच्या शास्त्राचं जागतिक व्यासपीठ उभं राहत असताना त्यावर हिमा हा शब्द होता.

आणखी एक योगायोग. डिसेंबर १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांचा सामायिक मालमत्तेच्या शोकांतिकेवरचा गाजलेला लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी सर्वांना खुलं असलेलं एक कुरण कल्पिलं. प्रत्येक गुराखी स्वतःच्या फायद्यासाठी आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरण सगळ्यांसाठीच संपतं. पुढे कित्येक सरकारांनी हा लेख सामायिक जमिनी ताब्यात घ्यायला किंवा खाजगी करायला वापरला. पण हार्डिन यांचं कुरण कल्पनेतलं होतं. अरबस्तानातलं खरं कुरण कधीच खुलं नव्हतं. ते खुलं केलं गेलं ते हुकमाने, १९५३ मध्ये, आणि मग हार्डिन म्हणतात तसंच झालं. आपण म्हणत होतो ते व्यवस्था नसलेल्या सामायिक मालमत्तेबद्दल, हे हार्डिन यांनी नंतर मान्य केलं. गावकरी स्वतः नियम करून सामायिक संपत्ती टिकवू शकतात हे सिद्ध करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मोरोक्कोच्या उंच अ‍ॅटलसमधले बर्बर आपलं 'अगदाल' उन्हाळ्यात ठरलेल्या तारखेलाच उघडतात, त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

सीरियात मात्र गोष्ट गोड झाली नाही. सहकारी संस्था वाढल्या, पण त्या हळूहळू अनुदानाचं खाद्य वाटणाऱ्या दुकानांसारख्या झाल्या. साखर कारखान्यांच्या मुलुखातल्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको. संस्थेचं नाव हिमा, पण बाहेरच्या कळपाला अडवण्याचा अधिकार सभासदांकडे नाही. तो दमास्कसच्या खात्याकडे. ट्रॅक्टरने माळ नांगरून जव पेरला गेला. १९९५ मध्ये बादियातल्या शेतीवर बंदी आली तोवर बरीच माती उडून गेली होती. सरकारने खारट जमिनीत तगणाऱ्या अ‍ॅट्रिप्लेक्सच्या झुडपांची लागवड केली, ती राखायला पुन्हा पहारेकरी. मेंढ्यांची संख्या २००६-०७ पर्यंत २ कोटींच्या पुढे गेली. मग सलग कोरडी वर्षं आली, आणि २०११ पासून युद्ध. हलबजवळ तेल हदया इथे कोरडवाहू शेती आणि चाऱ्यावर संशोधन करणारी 'इकार्डा' ही संस्था १९७७ पासून होती. तिला ते केंद्र सोडावं लागलं. तिथल्या बियाण्यांच्या प्रती आधीच नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बर्फाखालच्या कोठारात ठेवलेल्या होत्या. २०१५ मध्ये त्या परत मागवण्यात आल्या. त्या कोठारातून बियाणं काढायची ती पहिलीच वेळ. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत नेऊन पुन्हा पेरलं गेलं.

आपलं कौतुक आणि आपलं गायरान

गेल्या वीस वर्षांत हिमाला पुन्हा दिवस आले आहेत. लेबनॉनमध्ये पक्षी वाचवणाऱ्या संस्थेने २००४ पासून गावांबरोबर हिमा घोषित केल्या. जॉर्डनच्या झर्का खोऱ्यात बनी हाशिम गावाने हिमा सुरू केली, तिथे बायका औषधी वनस्पती गोळा करतात. हे चांगलंच आहे. पण सोबत एक सोपं भाषणही आलं आहे: पर्यावरणरक्षण इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं. आपल्या इज्तिमांत, व्हॉट्सअ‍ॅपवर हे भाषण तुम्ही ऐकलं असेल. मला ते पटत नाही. हिमा इस्लामने शोधली नाही. ती होती, आणि जुलमी होती. इस्लामने तिच्यात घातलेली गोष्ट म्हणजे न्यायाचा प्रश्न: कुणासाठी, कुणाला वगळून, कुणाची जमीन घेऊन. तो प्रश्न वगळून फक्त झाडं-पक्षी सांगणं म्हणजे हुनैचा आदेश अर्धाच वाचणं. आणि ज्या राजवटीने हिमा मोडली ती काही बिगरमुस्लिम नव्हती.

हाच प्रश्न आपल्या गायरानालाही विचारता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयात २०२२ मध्ये गायरानांवरून मोठा गदारोळ झाला. गायरान वाचलं पाहिजे याबद्दल दुमत नाही. धनगराची वाट त्यावरच आहे. पण मराठवाड्यात गायरान म्हणजे भूमिहीन दलितांनी पिढ्यानपिढ्या कसलेला खडकाळ तुकडाही आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला त्यामागे हीच भूक होती. तलाठ्याच्या नोंदवहीत त्या भूमिहीनाची ज्वारी आणि पुढाऱ्याचा ऊस एकाच रकान्यात येतात, 'अतिक्रमण' म्हणून. नोटीस निघते ती दोघांनाही सारखीच, पण बुलडोझर पोचतो तो बहुतेक वेळा एकाकडेच.

यंदाही बोकड आम्ही त्याच धनगराकडून घेतला. अब्बांनी दात बघितलेच. भाव पोत्याचा खर्च धरून होता, आणि अब्बांनी घासाघीस केली नाही.